फिन्सचं माप, माझं फिजिक्स आणि भातकुलीचं शेततळं

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. नाही, राहू द्या. तुम्ही हसणारच. माझी सख्खी बायको हसली, तुम्ही तर परके! चहा घ्या आणि ऐका. फक्त माझ्यासमोर बिस्किट जरा जपून बुडवा. बुडण्याचं नाव निघालं की हल्ली माझ्या पोटऱ्यांत गोळा येतो.

तर, माझी उंची चार फूट दहा इंच. यातला शेवटचा इंच मी जरा ओढूनताणूनच सांगतो. अमरावतीत राजापेठेला माझा क्लास आहे, अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. इतकी वर्षं झाली, पण आमच्या फळ्याचा वरचा अर्धा भाग अजून नवाकोरा आहे. शर्ट मी मुलांच्या दुकानातून घेतो. बूटही तिथलेच. चालताना लाल दिवे लागणारे सोडून जे उरतील त्यांतले.

गेल्या दिवाळीत आम्ही मालवणला गेलो. मी, माझी बायको वंदना, माझी थोरली बहीण सुनंदाताई आणि तिचे यजमान विलासराव. विलासरावांचं अकोल्याला बी-बियाण्यांचं दुकान आहे. माणूस सहा फुटी, आवाज त्याहून उंच. आमच्या घरचे जावई, त्यामुळे त्यांनी चेष्टा करायची आणि मी हसायचं, हा लग्नापासूनचा नियम.

तिथं आम्ही स्कुबा केलं. म्हणजे पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात नळी आणि पायात त्या बदकासारख्या लांब चपला. त्यांना फिन्स म्हणतात. आणि खरं सांगू? खाली गेलो आणि मी वेगळाच माणूस झालो. वजन नाही, उंची नाही, काही नाही! एक निळापिवळा मासा माझ्यासमोर आला आणि थांबला. त्यानं वाकून पाहिलं नाही. सरळ समोर पाहिलं. माझ्याकडे सरळ समोर बघणारे मला फार कमी भेटतात हो.

डोळे भरून आले माझे त्या मुखवट्यात. आणि नेमकी तेव्हाच उजव्या पायातली फिन निघाली!

भाड्याच्या फिन्स होत्या, त्यांच्याकडची सगळ्यात लहान जोडीही मला सैलच होती. आता एकाच पायात फिन. मी पाय मारतोय आणि गोल फिरतोय. पुन्हा पाय मारतोय, पुन्हा गोल! मासा गेला निघून. वर विलासराव होडीत बसून पाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण बघत होते. त्यांनी ते घरच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ‘मास्तर भोवरा झाले’.

त्या दिवशी मी ठरवलं. पुढच्या हिवाळ्यात रीतसर पाणबुड्याचा कोर्स करायचा, आणि स्वतःच्या फिन्स घेऊन जायचं. पुन्हा त्या माशासमोर जायचं. नीट, सरळ!

मालवणला कोर्स घेणारी तन्वी नावाची मुलगी होती. तिला फोन केला. ती फार मन लावून सांगत होती.

“सर, भिंतीला टाच लावा आणि पावलाची लांबी मोजा. बुटाच्या नंबरावर जाऊ नका. आणि पातं आखूड घ्या, मऊ घ्या. लांब पातं हलवायला मांडीत भरपूर जोर लागतो. तुमच्यासारख्या लहान चणीच्या माणसांना—”

झालं! ‘लहान चणीच्या’ हे ऐकलं आणि माझे कान बंद झाले. पुढे ती काय काय बोलली देव जाणे. मी नुसतं “हो, हो, कळलं” म्हणत होतो.

फोन ठेवला आणि वंदनाला म्हणालो, “मला शिकवते! मी फिजिक्स शिकवतो. साधी गोष्ट आहे. पातं जितकं लांब, तितकं जास्त पाणी मागे ढकललं जाणार. पाणी मागे, आपण पुढे. तिसरा नियम! उलट ज्याचे पाय आखूड, त्यानं पातं लांबच घेतलं पाहिजे. भरपाई होते.”

वंदना पालक निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अन् ढकलनार कोन?”

“पाय.”

“कोनाचे?”

आता या प्रश्नाला काय अर्थ आहे? मी दुर्लक्ष केलं. इथंच माझं नशीब फिरलं, पण तेव्हा कुठं कळतं!

फिन्स शोधायला निघालो. राजापेठेतल्या पहिल्या दुकानात विचारलं, “फिन्स आहेत का?”

“पिना? सेफ्टी पिना पुढच्या दुकानात भेटतीन, सर.”

“पिना नाही हो. पोहताना पायात घालतात.”

“पिना? पायात?” तो माणूस माझ्याकडे असा बघायला लागला की मी मागे न बघता बाहेर पडलो.

अकोल्याला ताईकडे गेलो होतो, तेव्हा तिथल्या एका खेळाच्या दुकानात मात्र जोडी निघाली. लहान मुलांची. घालून पाहिली तर काय सांगू, अगदी बेतल्यासारखी! पण रंग पिवळाजर्द, आणि दोन्हींवर गॉगल घातलेली बदकं.

“बसली नं बराबर!” दुकानदार खूश. “किती वर्साच्या मुलासाठी पायजे होती?”

चव्वेचाळीस, असं मी त्याला सांगितलं नाही. “सैल होते,” म्हणालो आणि निघालो.

शेवटी मोबाइलवरून मागवली. काळी कुळकुळीत, कडक पात्याची. एका दमात खोल जाणारे लोक वापरतात तसली. त्यात सगळ्यात लहान नंबर एकोणचाळीस होता, माझा पाय पस्तीस. मी म्हटलं, मधल्या चार नंबरांत लोकरीचे मोजे भरू. फिजिक्सवाल्याला जागा भरता येत नाही होय?

खोकं आलं ते दारातून आडवंच करावं लागलं. फिन्स बाहेर काढल्या, घातल्या, उभा राहिलो. एक पाऊल टाकलं आणि पात्याचं टोक टीपॉयखाली अडकलं. दुसरं टाकलं तर ते पहिल्या पात्यावर पडलं. मी जागच्या जागी कोसळलो, सोफ्यावर, तो होता म्हणून.

“अवो,” वंदना म्हणाली, “तुमी चप्पल घातली का चपलेनं तुमाले घातलं?”

“पाण्यात बघ तू,” मी सोफ्यातूनच म्हणालो.

पण पाणी कुठलं? शहरातल्या पोहण्याच्या तलावावर फिन्स चालत नाहीत म्हणाले. मग आठवला माझा चुलतभाऊ गजानन. त्याचं शेत भातकुलीजवळ आहे. तिकडे विहिरींना खारं पाणी लागतं, म्हणून त्यानं पावसाचं पाणी साठवायला शेततळं खणलंय. चांगलं मोठं, तळापासून काठापर्यंत काळं प्लास्टिक अंथरलेलं. फोनवर त्याला म्हणालो, “गजा, कोणाला सांगू नको. विशेष करून अकोल्याला.”

“मी कायले सांगतो? मी गावातच हावो, तुमी या निवांत.”

रविवारी सकाळी आम्ही दोघं स्कूटरवर. मागे वंदनाच्या मांडीवर ती खोक्यातली जोडी, दोन्ही बाजूंनी विमानाच्या पंखांसारखी बाहेर. वाटेत दोन म्हशी आमच्याकडे बघून बाजूला झाल्या.

वंदनानं एक मात्र केलं. माझ्या कमरेला दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक काठावरच्या कडुनिंबाला. “ह्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. लोकं बुडाले अशानं,” म्हणाली. मी म्हणालो, “मी चांगला पोहतो.” ती म्हणाली, “थे चपला पोहू देतीन तवा नं!” मी दोर ठेवला. आज मी तुमच्यासमोर बसून चहा पितोय तो त्या दोरामुळे.

वंदना झाडाखाली पाठ करून संत्री सोलायला बसली. मी तोंडात श्वासाची नळी घेतली, पालथा झालो आणि पाय मारला.

अहाहा! एका झटक्यात तळ्याच्या मध्यावर. माझं फिजिक्स बरोबर होतं! दुसरा झटका. पलीकडचा काठ. मी मनातल्या मनात तन्वीला फोनसुद्धा लावला. मग जरा वेळ पाय थांबवले आणि पालथाच तरंगत राहिलो. शांत. हात पसरलेले.

आता तुम्ही मला सांगा. शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक भला शेतकरी येतोय. तळ्यात एक माणूस पालथा, हात पसरून, हलत नाही. आणि काठावर त्याची बायको संत्री खातेय. त्या भल्या माणसानं काय समजायचं?

त्यांचं नाव नामदेवराव, गजाननमुळे आम्हा दोघांना ओळखणारे. ते धावत आले आणि वंदनासमोर उभे राहिले.

“बाई! अवो बाई! तुमचे सर गेले!”

“कुठी गेले?” वंदना म्हणाली. “आत्ता तर हितंच होते.”

“अवो, तसे नाई गेले! गेले!”

वंदनानं वळून पाहिलं, आणि नेमका त्याच वेळी माझ्या दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळा आला! लांब कडक पातं, आखूड पाय. मांडीत जोर लागतो म्हणाली होती ना तन्वी? तो जोर कुठून आणणार! पाय दगडासारखे झाले. मी धडपडलो. त्या धडपडीत लोकरीचे मोजे पाणी पिऊन फुगून बाहेर आले आणि उजवी फिन मोज्यासकट निघून तळाला गेली.

मी दोर धरून कसाबसा काठाला लागलो. काठ कसला हो, तेल लावलेली घसरगुंडी! दोन हात वर सरकायचो, तीन हात खाली यायचो. वंदनानं दोर गच्च धरला होता, त्यामुळे बुडत नव्हतो, पण निघतही नव्हतो. तोंडात नळी तशीच. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, “फिन गेली! फिन गेली!”

नळीतून ते कसं ऐकू गेलं असेल?

नामदेवरावांनी कपाळावर हात मारला. “अरे देवा! बहीन गेली म्हन्ते! सरायची बहीन बी पान्यात हाये!”

आणि त्यांनी गावाकडे तोंड करून अशी हाळी दिली की आजूबाजूच्या शेतांतले सगळे कामं टाकून धावले. त्यात गजानन. नामदेवरावांनी त्याला विचारलं, “गजाननभाऊ, सरायले बहीन हाये का?”

“हाये नं. सुनंदाताई. अकोल्याले असते.”

“थे गेली!”

गजाननानं तिथल्या तिथं अकोल्याला फोन लावला. “भाऊजी, ताई घरी हाये का?”

“नाई बा,” विलासराव म्हणाले. “सकायीच बाहीर गेली. फोन घरीच ठेवून गेली. काहून?”

“मंग झालं, भाऊजी!” आणि गजानन रडायलाच लागला.

तुम्ही म्हणाल, वंदना काय करत होती? तिला तर माहीत होतं की ताई आमच्यासोबत नव्हतीच! सांगतो. मी सुखरूप आहे हे तिला दिसत होतं. आणि मी त्या प्लास्टिकवर वर सरकतोय, खाली येतोय, एका पायात दोन हात लांब काळं पातं पाण्यावर फाड् फाड् आपटतंय, हे बघून तिला हसू फुटलं होतं. एका हातात दोर, दुसऱ्या हातानं पदराचा बोळा तोंडात. खांदे गदगदा हलतायत, डोळ्यांतून पाणी. बोलायला तोंड उघडलं की हसू, म्हणून पुन्हा बोळा. लोक एकमेकांना म्हणत होते, “बाईले काई इचारू नोका. तिचं काय हाल हाये, पाहून नाई राहिले?”

दोघा तरण्या गड्यांनी उड्या घेतल्या. मला बाजूला सारलं आणि माझ्या बहिणीला शोधायला लागले! मी नळी थुंकून ओरडतोय, “अरे, बहीण नाही, फिन! फिन!” कोण ऐकतो? एकानं बुडी मारली, वर आला, पांढराफटक. “पाय! पाय लागला हाताले!”

बायांनी डोक्यावरून पदर घेतले. नामदेवराव हात जोडून उभे. त्या गड्यानं डोळे मिटले, श्वास घेतला, पुन्हा बुडी मारली आणि दोन्ही हातांनी धरून वर आणलं. लांबलचक, काळं, गळणारं.

मग मागून एक आजीबाई म्हणाल्या, “माय व! एवढा मोठा पाय!”

तेव्हा वंदनाच्या तोंडातला बोळा सुटला. ती जी हसत सुटली, ती थांबेचना. चौघांनी दोर ओढून मला पोत्यासारखं वर घेतलं. उताणा पडलो, पोटऱ्या दाबत. कोणाच्या तरी टॉवेलमध्ये मला गुंडाळलं. मी सगळ्यांना फिन म्हणजे काय ते समजावलं. एकजण म्हणाला, “सर, पन हे तुमच्यापेक्षा मोठं हाये नं जी!” साधं वाक्य. तन्वी बिचारी तेवढंच सांगत होती.

आता अकोल्याला फोन करायचा. करतोय, करतोय, विलासराव उचलत नाहीत. ते गाडीत होते. दीड तासानं धुरळा उडवत त्यांची गाडी शेतात शिरली. विलासराव उतरले ते चप्पल न घालताच. मला बघितलं, धावत आले आणि टॉवेलसकट उचलून छातीशी धरलं. माझे पाय जमिनीवरून वर. हा एवढा सहा फुटी माणूस, हुंदके देऊन रडत होता.

“मास्तर, तू वाचला रे. मही सुनंदा कुठी हाये? दाखव मले. मी पाह्यतो. मले पाहू दे.”

इतकी वर्षं ज्यांच्या हसण्याला मी घाबरलो, त्यांच्या छातीचे ठोके माझ्या कानात पडत होते. मी कसाबसा म्हणालो, “भाऊजी, ताई पाण्यात नव्हतीच. फिन होती.”

तितक्यात त्यांचा फोन वाजला. ताईच! “अवो, कुठी गेले तुमी? दार सताड उघडं! मी पार्लरमधून आली तं घरात कुत्रं बसेल हाये!”

विलासराव मला घेऊन तसेच खाली बसले. हसले नाहीत. त्यांनी ती फिन हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि एवढंच म्हणाले, “मास्तर, मापाचं घेत जाय नं बाप्पा.” खरं सांगतो, ते हसले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी तन्वीला फोन केला. या वेळी भिंतीला टाच लावून, वंदनाकडून पाऊल मोजून घेऊन. ती सांगत गेली आणि मी मुकाट ऐकत गेलो. बोटं मुडपली तर लहान, टाच उचलल्यावर सुटली तर मोठी. मोजे भरून माप करायचं नाही. पातं असं, की हातानं वाकवलं तर सहज वाकेल. आठवड्यानं तिनं सुचवलेली जोडी आली. आखूड, मऊ, पायाला घट्ट आणि तरी सुखाची. गजाननच्या तळ्यात जाऊन, दोर बांधून, पोहूनही आलो. पोटरी हूं की चूं नाही. पहिला नियम, दुसरा नियम, तिसरा नियम, सगळे तिच्या बाजूनं!

इथं संपलं असतं तर मी तुम्हाला सांगितलंही नसतं. पण त्या दिवशी काठावर कोणीतरी फोटो काढला होता. दुसऱ्या दिवशी तालुक्यातल्या बातम्यांच्या ग्रुपवर तो फिरत आला. विलासराव टॉवेलात गुंडाळलेल्या मला छातीशी धरून रडतायत. माझं तोंड त्यांच्या खांद्यात. खाली लिहिलेलं, ‘शेततळ्यात पडलेल्या बारा वर्षीय मुलाला वाचवण्यात यश. मुलाला सुखरूप पाहून पित्याला अश्रू अनावर.’

पित्याला!

मी दुरुस्ती करायला फोन उचलला. मग विचार केला, दुरुस्ती म्हणजे काय लिहितील? ‘चव्वेचाळीस वर्षीय फिजिक्स शिक्षक’? फोन खाली ठेवला. म्हटलं, राहू दे बाराच.

आठवड्यानं गजाननचा फोन. “दादा, नामदेवरावायचा सत्कार ठेवला. पोट्ट्याले वाचवलं म्हनून. सरपंच त्या रोजी गावात नोते, त्यायनं बातमी वाचली. प्रमुख पाहुना पायजे, शिकेल मानूस. मी तुयं नाव देऊन टाकलं.”

“अरे गजा, तो पोट्टा म्हणजे—”

“सरपंचाले कोन सांगते? तू ये फक्त.”

आणि मी गेलो हो! नामदेवरावांचे उपकार होतेच. शिवाय प्रमुख पाहुणा! आयुष्यात मला कोणी ‘प्रमुख’ म्हटलं नव्हतं. मंडपात सगळं गाव. मी व्यासपीठावर चढलो तेव्हा पहिल्या रांगेतले चारपाच गडी रुमाल तोंडाला लावून बसले होते. मला वाटलं, धूळ असेल.

माइक खाली करून घेतला आणि बोललो. कळकळीनं बोललो! शेततळ्याला कुंपण हवं, काठाला दोर हवा. पालकांनी मुलांकडे लक्ष द्यावं. मुलांना समज नसते, ती ऐकत नाहीत, मोठी माणसं सांगतात ते त्यांनी ऐकायला हवं. टाळ्या पडल्या. माझ्या अपेक्षेपेक्षा जरा जास्तच पडल्या.

मग सरपंच उठले. नामदेवरावांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि माइक पुढे केला. “नामदेवराव, तुमी एक जीव वाचवला. गावाले सांगा, थे पोट्टं आता कसं हाये?”

नामदेवराव सरळ माणूस. खोटं बोलायची सवय नाही. त्यांनी शाल सावरली, माझ्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, “पोट्टं बरं हाये जी. आत्ताच भाषन देऊन बसलं.”